चार महिन्यांचे पाहुणे

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात अभ्यागत स्वागत गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हांला बोलायला पंधरा मिनिटे दिली आहेत. त्यानंतर गाणी आहेत, आणि गाण्यांनंतर जेवण. आज बेत काय आहे ते वासावरून तुम्हांला केव्हाच कळले असणार. तेव्हा आम्ही वेळ पाळतो, तुम्ही फक्त कान इकडे ठेवा.

आम्ही बोलणार आहोत ते आपल्याकडे चार महिन्यांसाठी, वर्षभरासाठी, फार तर दोन वर्षांसाठी येणाऱ्या मंडळींबद्दल. कोणी अभ्यागत प्राध्यापक, कोणी पीएच.डी. नंतरचे संशोधन करणारा पोस्टडॉक, कोणी आपल्याकडच्या विद्यापीठातून एका सेमिस्टरसाठी पाठवलेली संशोधक विद्यार्थिनी. सिंगापूरला अशा मंडळींची सवय आहे. एनयूएस आणि एनटीयू ही दोन मोठी विद्यापीठे तर आहेतच. शिवाय २००० साली एसएमयू आले, २००३ मध्ये बायोपोलिस उभे राहिले, २००८ मध्ये फ्युजनोपोलिस, २०११ मध्ये केंट रिजला युनिव्हर्सिटी टाउन, आणि २०१२ पासून एसयूटीडीचे वर्ग सुरू झाले. इतकी दारे उघडली म्हणजे माणसे येणारच, आणि त्यांत आपली मराठी माणसेही असणार. कोणी पुण्याहून येतो, कोणी नागपूरहून, कोणी कोल्हापूर-सांगलीकडून, कोणी बेळगावहून किंवा गोव्याहून.

या मंडळींचे एक वेगळेच आहे. ती विद्यार्थी म्हणावीत तर विद्यार्थी नसतात. विद्यार्थ्यांना हॉस्टेल असते, सिनिअर असतात, ऑगस्टमध्ये ओरिएंटेशन असते. आणि आपल्यासारखी इथे रुळलेली म्हणावीत तर तशीही नसतात. आपल्याला शेजार आहे, मुलांच्या शाळेतले पालक आहेत, बरोबर काम करणारे आहेत, वर्षानुवर्षांच्या ओळखी आहेत. ही माणसे मात्र सेमिस्टरच्या मधेच केव्हातरी विमानातून उतरतात. विद्यापीठ त्यांना टेबल देते, संगणक देते, दार उघडणारे कार्ड देते, ग्रंथालय देते. सगळे अगदी चोख, तक्रारीला जागा नाही. फक्त संध्याकाळी सहा वाजता त्या टेबलावरून उठून जायचे कुठे, याची सोय त्या कार्डात नसते.

आता साध्या साध्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट घराची. एचडीबीचे घर किंवा खोली सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही. खाजगी घराला किमान तीन महिने लागतात. चार महिन्यांसाठी आलेल्या माणसाला म्हणजे एचडीबी बंद, आणि काँडो त्याच्या भत्त्यात बसत नाही. कॅम्पसवरची घरे मोजकीच. मग कुणाच्या तरी काँडोतली एक खोली मिळते, आणि तिच्या जाहिरातीत लिहिलेले असते, ‘फक्त लाइट कुकिंग’. लाइट कुकिंग म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. फोडणी द्यायची नाही! मोहरी तडतडली की मालकीणबाई बाहेर आल्याच.

दुसरी गोष्ट भांड्यांची. आईने प्रेमाने बॅगेत घालून दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर चालत नाही. मिक्सर आणला असेल तर त्याची गोल पिनांची प्लग इथल्या चौकोनी भोकांत जात नाही. कॅन्टीनमध्ये शाकाहारी स्टॉल सापडतो, पण तिथे ताटात दिसते ते हुबेहूब मांसासारखे, आणि ते सोयाबीनचे आहे हे पटायला एक आठवडा जातो. टेबलावर नुसते टिश्यूचे पाकीट दिसले म्हणून तिथे बसावे, तर कोणीतरी येऊन नम्रपणे उठवते, कारण ती जागा ‘चोप’ केलेली असते. आपण हसतो, कारण आपणही यातून गेलेलो आहोत. पण आपल्याला हे कोणीतरी सांगितले होते. ज्याला कोणीच सांगत नाही त्याला ही प्रत्येक गोष्ट एकेका फजितीतून शिकावी लागते.

तिसरी गोष्ट बरोबर आलेल्या माणसाची. बहुतेक वेळा ती पत्नी असते, हल्ली कधी पतीही असतो. मुळात कुटुंबाला आणायचे तर पास देताना पगार बघतात. आज ही मर्यादा दरमहा ६,००० डॉलर आहे. आणि आणले तरी, १ मे २०२१ पासून डिपेंडंट्स पासवर आलेल्या व्यक्तीला नोकरी करायची असेल तर स्वतःचा वेगळा वर्क पास काढावा लागतो. एका वर्षासाठी तो कोण काढून देणार? म्हणजे तिकडे बँकेत किंवा कॉलेजात नोकरी करणारी, दिवसभर पन्नास माणसांशी बोलणारी बाई इथे एका खोलीत बसते. नवरा सकाळी आठला लॅबमध्ये जातो. भारत आपल्या अडीच तास मागे, म्हणजे सकाळी फोन करावा तर तिकडे सगळे झोपलेले. एका ताईंनी आम्हांला सांगितले होते, “पहिले तीन आठवडे मी लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाशीच मराठीत बोलत होते. ती म्हणायची, दार बंद होत आहे. मी म्हणायची, होऊ दे बाई.”

आम्ही तेव्हा हसलो. नंतर घरी जाताना कोणीच फारसे बोलले नाही.

आता ज्या प्रसंगामुळे आम्ही आज इथे उभे आहोत, तो सांगतो. नावे सांगणार नाही, विद्यापीठही सांगणार नाही. एक तरुण संशोधक पत्नीसह वर्षभरासाठी आला होता. एका रात्री तिच्या पोटात असह्य दुखू लागले, ९९५ ला फोन करून ॲम्ब्युलन्स आली, आणि लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल असे ठरले. त्याचा विमा होता, पण तो फक्त त्याचा. तिचा त्यात समावेश नव्हता. परदेशी रुग्णाला इथे सरकारी रुग्णालयातही सवलतीचा दर नाही आणि अगोदर अनामत भरावी लागते, हे त्याला तिथे उभे असताना कळले. त्याने मंडळाच्या एका कार्यक्रमात कधीतरी घेतलेल्या नंबरावर फोन लावला. दोन तासांत आमच्यापैकी तिघेजण तिथे होते. सगळ्यांनी मिळून रक्कम भरली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पुढचे आठ दिवस डबा आळीपाळीने गेला, ती बरी होऊन घरी आली. सगळे छान झाले.

आणि त्यानंतर ते दोघे मंडळात यायचेच बंद झाले.

आम्हांला काही कळेना. आपण काही बोललो का, कुणी काही सुचवले का? गणपतीला बोलावले, आले नाहीत. कोजागरीला बोलावले, ‘बरे वाटत नाही’ असे कळवले. दर महिन्याच्या पाच तारखेला मात्र त्याचा हप्ता त्या तिघांच्या खात्यांत न चुकता जमा व्हायचा. शेवटचा हप्ता भारतातून आला, आणि त्याबरोबर एक पत्र. त्यात त्याने लिहिले होते की, “काका, तुमच्यापैकी कोणीही पैशांचा शब्द काढला नाहीत. पण हप्ता फिटेपर्यंत तुमच्यासमोर बसून श्रीखंड खाणे मला जमले नसते. राग मानू नका.”

मंडळी, यालाच आपल्याकडे मिंधेपणा म्हणतात. माणूस माणसाकडून पैसे घेतो तेव्हा देणारा कितीही मोठ्या मनाचा असला तरी घेणाऱ्याची मान थोडी खाली जातेच. ज्या घरात त्याला हक्काने जायला हवे होते, तेच घर त्याला जड झाले. आपण त्याला मदत दिली, आणि त्या मदतीपायी त्याची आपली माणसे तुटली. म्हणून आज आम्ही तुमच्याकडे मदत मागत नाही, निधी मागतो आहोत. या दोन्हींत फरक आहे.

हा फरक आपल्या मातीत नवा नाही. शिकायला परगावी गेलेला मुलगा पूर्वी वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरी. अनेकांची शिक्षणे त्यावर झाली, त्या घरांना दोष देण्याचे कारण नाही. पण त्या ताटावर बसलेल्या मुलाला कुणी काही बोलले तरी ते ऐकून घ्यावे लागे. आणि ज्या जातींना त्या घरांच्या ओसरीवरही येऊ देत नसत, त्यांच्या मुलांना तर वारही नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्या समाजांतल्या मुलांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. मुलगा कुणाच्या घरचा आश्रित न राहता वसतिगृहाचा विद्यार्थी झाला. शिक्षणाइतकाच हा मान मोठा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी हार्टली हॉल, मग जिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते तो कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉल, असा त्यांचा मुक्काम फिरला. लिव्हिंगस्टन हॉलमध्ये त्यांच्याबरोबर राहायला होते नवल भथेना नावाचे पारशी तरुण. १९२० मध्ये लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा निघाले तेव्हा शाहू महाराजांची मदत होती, आणि ५,००० रुपयांचे कर्ज दिले ते याच भथेनांनी. परक्या गावातल्या एका खोलीत जुळलेली ओळख पुढे किती लांब जाते पाहा. शिष्यवृत्तीने त्यांना तिथे पोचवले. पण कॅम्पसवरचा सोबती शिष्यवृत्तीच्या कागदात लिहिलेला नसतो, तो भेटावा लागतो.

त्याच कोलंबिया विद्यापीठाची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९०९ मध्ये हॅरी एडमंड्स नावाच्या गृहस्थांनी तिथल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटले. तो विद्यार्थी थांबला आणि म्हणाला की, मला न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी आपणहून बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स घरी गेले, बायकोला सांगितले, आणि दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. त्यातून वाढत वाढत १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. सुरुवात एका नमस्काराने झाली हे खरे. पण तेवढ्यावर थांबले असते तर इमारत उभी राहिली नसती. त्यासाठी पैसा लागला, आणि तो लोकांकडे मागावा लागला. नुसता नमस्कार पोट भरत नाही, आणि नुसता निधी म्हणजे एक खिडकी आणि चार फॉर्म. दोन्ही हातांत हात घालून चालले पाहिजेत.

आणि सिंगापूरचे काय? इथे तर कॅम्पस आणि समाज यांचे नाते आपल्या सगळ्यांच्या आधीचे आहे. आज आपण ज्याला एनयूएस म्हणतो त्याची सुरुवात १९०५ च्या वैद्यकीय शाळेपासून होते. ती शाळा मागायला टॅन जियाक किम आणि इतर मंडळी १९०४ मध्ये सरकारकडे गेली, आणि नुसता अर्ज देऊन थांबली नाही, तर समाजातून ८७,०७७ डॉलर गोळा करून दिले. त्यातले १२,००० एकट्या टॅन यांचे होते. पहिल्या वर्गात २३ विद्यार्थी होते.

एनटीयूचा जुरोंगचा परिसरही असाच. १९५३ मध्ये टॅन लार्क साय यांनी नानयांग विद्यापीठासाठी ५० लाख डॉलर देण्याचे जाहीर केले, होकियन हुए कुआन या चिनी समाजसंस्थेने ५२३ एकर जमीन दिली. पण आम्हांला त्याहून मोठी वाटते ती त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांनी एक दिवसाची कमाई विद्यापीठाला दिली. ज्या वर्गात आपल्याला कधी बसायचे नाही त्यासाठी त्यांनी दिवसभर पाय मारले. ते विद्यापीठ १९८० मध्ये विलीन झाले, पण त्याच जमिनीवर आज एनटीयू आहे, आणि आपल्याकडचा संशोधक बून लेहून १७९ नंबरच्या बसने जिथे जातो ती जागा त्या रिक्षावाल्यांच्याही पैशाची आहे. तेव्हा या गावात विद्येसाठी वर्गणी मागताना आम्हांला संकोच वाटत नाही.

एक कठीण काळही आठवावा लागेल. ७ एप्रिल ते १ जून २०२० सर्किट ब्रेकर होता, तेव्हा खोलीत एकटे अडकलेल्यांना आपण फोनवर सांभाळले. पण त्याहून वाईट गेले ते २०२१. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत भारतात जाऊन आलेल्या पासधारकांना इथे प्रवेश बंद होता, आणि तिकडे दुसरी लाट होती. तिकडे गेले तर परत येता येणार नाही, आणि गेले नाही तर आईचे तोंड दिसणार नाही, अशा पेचात आमच्या ओळखीची तीन माणसे होती. दोघांनी मोबाइलच्या पडद्यावर अंत्यसंस्कार पाहिले. त्या दिवशी त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर डबा ठेवून, दोन मीटर लांब उभे राहून जे कोणी आपल्यापैकी तासभर थांबले, त्यांनी काय केले हे त्यांना विचारू नका. ते सांगणार नाहीत. पण ते तिथे होते.

आता तुम्ही म्हणाल, हे पाहुणे येतात आणि जातात, मंडळाला त्यांचे काय? तर ऐका. वनस्पतीशास्त्राच्या एका अभ्यागत ताईंनी आपल्या मुलांना बोटॅनिक गार्डनमध्ये नेऊन झाडांची मराठी नावे शिकवली. इथल्या शाळांत आपली मुले बहुधा हिंदी घेतात, मराठी हा विषयच नाही. त्यामुळे ‘सातवीण’ आणि ‘बकुळ’ हे शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घोळवले. एका गणिताच्या सरांनी दहावीच्या वयाच्या मुलांना चार रविवार फुकट शिकवले आणि वर म्हणाले, तुमच्याकडच्या थालीपिठाचे तेवढे फेडतोय. २०११ साली तिसरे विश्व मराठी साहित्य संमेलन सिंगापुरात झाले, महेश एलकुंचवार अध्यक्ष होते. असे मोठे सोहळे या गावातल्या मराठी माणसांना जमतात, यात शंका नाही. पण गावाची ओळख सोहळ्याच्या दिवशी होत नाही. मंगळवारी संध्याकाळी फोन उचलला जातो की नाही, यावरून होते.

तर आमचे मागणे असे. या निधीतून तीन कामे व्हावीत.

पहिले, भांड्यांची पेटी. इंडक्शनवर चालणारा कुकर, दोन पातेली, तवा, पोळपाट-लाटणे, चादरी, एक प्लगचा अडॅप्टर. येणाऱ्याने न्यावी, जाताना धुऊन परत आणून द्यावी. पुढच्याला ती मिळेल.

दुसरे, तातडीची उचल. रुग्णालयाची अनामत किंवा घरी अचानक जावे लागले तर विमानाचे तिकीट. बिनव्याजी, सोयीने फेडायची. देणारा निधी, कुणी काका नाही की वहिनी नाही. कोणाला दिली ते फक्त दोन विश्वस्तांना ठाऊक असेल. हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल, नावे मांडली जाणार नाहीत. घेणाऱ्याने त्याच आठवड्यात गणपतीच्या आरतीला येऊन आमच्या शेजारी उभे राहावे आणि आम्हांला काही माहीतही नसावे, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

तिसरे काम पैशाचे नाही. नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यात एक फोन आणि पहिल्या महिन्यात एक जेवण. त्यासाठी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. पैसे देणाऱ्यांनी लिफाफ्यावर रक्कम लिहावी, आणि देता येत नसेल त्यांनी वहीत आपला फोन नंबर आणि मोकळा वार लिहावा. हो, वारच. पूर्वी आपल्याकडे शिकणाऱ्याला वार लावून देत. आता यजमानाने वार लावून घ्यावा. आणि एक विनंती, रकमेचा आकडा लहान आहे म्हणून कोणी लिफाफा परत नेऊ नये. जुरोंगचे उदाहरण आत्ताच सांगितले आहे.

आमची पंधरा मिनिटे संपली. गायकमंडळी तयार आहेत आणि तुमचे लक्ष आता स्वयंपाकघराकडे आहे, ते आम्हांला इथूनही दिसते आहे.